सिस्टर, जरा बाजूला येता?

तेवीस वर्षे मी पुरुषांच्या वॉर्डात परिचारिका आहे. टाके घालताना हूं की चूं न करणारे गृहस्थ लघवीची तक्रार सांगायची म्हटली, की छताकडे पाहू लागतात!

एक सव्वीस वर्षांचा तरुण असाच आला. बँकेत नोकरी, लग्न ठरलेले. "सिस्टर, जरा बाजूला येता?" म्हणाला. उजव्या वृषणात गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून आठ महिने गप्प बसला. आईला कसे सांगायचे? आणि वडिलांशी बोलणे परीक्षेच्या मार्कांपलीकडे कधी गेलेच नव्हते.

न दुखणारी गाठ हीच तर संशयाची! हा कर्करोग म्हातारपणाचा नव्हे, बहुतेक पंधरा ते चाळिशीच्या आतला. दिवाळीत अभ्यंगाचे तेल सर्वांगाला चोळणाऱ्या आपल्या पुरुषांना एवढी एक जागा मात्र परकी असते. तिथे गाठ, कडकपणा वा जडपणा जाणवला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. वेळीच आलेल्या दहांतले नऊजण तरी बरे होतात.

त्याचे वृषण जांघेतून काढले. मरणाचे त्याने विचारलेच नाही. विचारले ते, "तिला सांगायचं का?" मी म्हटले, "सांगायचं. एका वृषणावर संसारही होतो आणि बहुधा मुलंबाळंही." तरीही औषधांपूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय त्याला डॉक्टरांनी समजावली.

मग सिसप्लॅटिन सुरू झाले. प्लॅटिनमपासून केलेले हे औषध 1974 साली अमेरिकेत इंडियानाच्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इतर औषधांच्या जोडीला दिले आणि पसरलेला रोगही बरा होऊ लागला. मूत्रपिंडे जपण्यासाठी भरपूर सलाइन द्यायचे आणि लघवी मोजायची, हे आमचे काम. पहिल्या दिवशी बाटली टॉवेलाखाली लपवून देणारा हा मुलगा तिसऱ्या खेपेला स्वतःच आकडा सांगू लागला!

घरी जायच्या दिवशी वडील रेंगाळले. "सिस्टर, जरा बाजूला येता? रात्री चार-पाचदा उठावं लागतं. वर्ष झालं."

मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते, ते बहुधा निरुपद्रवीच. पण तिथला कर्करोगही आरंभी मुकाच असतो. डॉक्टरांची तपासणी आणि रक्ताची एक चाचणी करून घ्या, असे मी त्यांना सांगितले. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवत ते हळूच म्हणाले,

"मुलाला मात्र सांगू नका हं!"