दात आंबले, पण दोष कुणाचा?

गेल्या दिवाळीची गोष्ट. मुक्ताईनगरला, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादला, आत्याच्या घरी आम्ही सारे जमलो होतो. फराळाची ताटे आली. आत्याने चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि कळवळून गाल धरला. "दात आंबलेत रे," ती म्हणाली. चिंच नाही, कैरी नाही, आणि दात आंबले! कुणी कीड म्हणाले, कुणी वय. भाऊबीज आटोपताच मी तिला जळगावला दंतवैद्याकडे नेले.

डॉक्टरांनी छोटा आरसा घालून वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू बराच वेळ न्याहाळली आणि विचारले काय, तर "मावशी, रात्री घशाशी आंबट येतं का हो?"

"येतं की! कित्येक वर्षं येतं. आलं की मी उठून खसाखसा दात घासते आणि मगच निजते."

"तिथंच घात होतो," डॉक्टर म्हणाले.

आता हा घात कसा, ते पाहा. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. ते सैल पडले की जठरातला आंबट रस वर चढतो. दातांचे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण आम्लापुढे त्याचे काही चालत नाही. आम्लता मोजण्याच्या पीएच या मापात आकडा 5.5च्या खाली गेला की कवच विरघळू लागते. जठररसाचा आकडा असतो 1 ते 2. या मापात एक घर खाली म्हणजे आम्लता दहापट! दिवसा लाळ हे आम्ल मारते. झोपेत मात्र लाळ जवळजवळ आटते. खालचे पुढचे दात जिभेच्या आड बरेचसे बचावतात. मार बसतो वरच्या दातांना, आतून. म्हणून तो घरच्या आरशात दिसतच नाही. दाढांवर वाटीसारखे खळगे पडतात, कवचाखालचा पिवळा थर उघडा होतो आणि गार, गोड सारेच झोंबू लागते. झिजलेले कवच पुन्हा उगवत नाही. कित्येकांना तर छातीत जळजळही जाणवत नाही. रोगाची पहिली वर्दी दंतवैद्यच देतो.

आपल्याकडे अम्लपित्त काही नवे नाही. माधवनिदानात त्यावर वेगळे प्रकरण आहे. पण दाताचे दुखणे दाताचे आणि पोटाचे पोटाचे, अशी वाटणी आपण करून बसलो आहोत.

आणि ते घासणे? आम्लाने कवच मऊ झालेले असते. त्यावर लगेच ब्रश चालवला की मऊ थर खरवडून निघतो. मिश्री किंवा कोळशाची पूड असेल तर विचारूच नका. आंबट आले की नुसत्या पाण्याने, किंवा पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी, ती थुंकून टाकावी. ब्रश तासाभराने, तोही मऊ, पेस्ट फ्लोराइडची. पोटासाठी वेगळे औषध डॉक्टर देतील ते. घास अडकू लागला, वजन उतरले किंवा शौचाला काळे झाले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. छातीतले प्रत्येक दुखणे पित्ताचेच, असेही धरून चालू नये.

आत्याला पथ्य सांगितले: जेवण निजण्याच्या तीन तास आधी, निजणे डाव्या कुशीवर, आणि उशांची चळत न रचता खाटेचे उशाकडचे पायच सहा-आठ इंच उंच करायचे. तिने निमूटपणे ऐकले. मग हळूच विचारले, "आणि भरीत?"

प्रश्न साधा नव्हता. थंडी पडली की खानदेशात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या-लसूण कुटून घालायचा, वर तेलाची धार, सोबत कळण्याच्या पुऱ्या. आणि शेतातली ही पंगत बसते रात्री दहाला, मागोमाग अंथरूण. डॉक्टरही खानदेशातलेच. त्यांनी बंदी घातली नाही. "मिरची निम्मी, आणि पंगत दुपारी," एवढेच म्हणाले.

आता खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत. मामा रोज पायथ्याकडे घसरतात आणि रोज कुरकुरतात. पौषात शेतावर भरिताचा बेत झाला, तो दुपारी बारा वाजता. आत्या दोनदा भरीत मागून घेऊन जेवली, आणि उठल्याबरोबर तिने चूळ भरली.