मैदानावरून निर्णयपदाकडे : ओझी न्यूसम यांची वाटचाल

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) संघबांधणीची जबाबदारी जनरल मॅनेजरवर असते. 'ड्राफ्ट'मधून महाविद्यालयीन खेळाडूंची निवड, त्यांचे करार आणि वेतनमर्यादेचे पालन ही त्याची प्रमुख कामे होत. या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू बहुसंख्य असूनही २००२ पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला हे पद मिळाले नव्हते.

ती कोंडी ओझी न्यूसम यांनी फोडली. १९७८ ते १९९० या काळात ते क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळले. निवृत्तीनंतर त्यांनी त्याच संघात खेळाडूंची पारख करणाऱ्या 'स्काउट'चे काम पत्करले. १९९६ मध्ये संघमालकांनी बाल्टिमोरला स्थलांतर केले आणि रेव्हन्स हा संघ उभा राहिला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये न्यूसम यांनी जोनाथन ऑगडेन व रे लुईस यांना निवडले. पुढे या दोघांचाही 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला.

रेव्हन्सने जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल जिंकला. न्यूसम यांना जनरल मॅनेजरपद मात्र २००२ मध्ये देण्यात आले. २०१३ मध्ये संघाने दुसरे विजेतेपद मिळवले.

२०१८ च्या हंगामानंतर त्यांनी सूत्रे एरिक डीकोस्टा यांच्याकडे सोपविली. डीकोस्टा हेही १९९६ मध्ये कनिष्ठ पदावर रुजू झाले होते.