बदली कामगार ते तासिका अध्यापक

लालबाग, परळ, शिवडी आणि वरळी या मुंबईतील गिरणगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यातील कापडगिरण्यांच्या जमिनींवर आता काचेच्या दर्शनी भिंतींची कार्यालये, मॉल आणि टोलेजंग इमारती उभ्या आहेत. मात्र गिरण्यांसोबत इतिहासजमा झाली असे वाटणारी एक रोजगारपद्धत याच परिसरातील सुशिक्षितांच्या वाट्याला नव्याने आली आहे. काम कायमस्वरूपी आणि कामगार तात्पुरता, असे तिचे थोडक्यात स्वरूप सांगता येते. गिरणीत तिला ‘बदली’ म्हणत, महाविद्यालयात ती ‘तासिका तत्त्व’ म्हणून ओळखली जाते आणि खासगी कार्यालयांत ‘कन्सल्टंट’ या भारदस्त नावाखाली वावरते. नोकरीतील अस्थैर्य, कराची किचकट रीत आणि प्राध्यापकीची रखडलेली वाट या तीन वेगवेगळ्या तक्रारी भासत असल्या, तरी त्यांचे मूळ बऱ्याच अंशी या एकाच पद्धतीत आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांचा विस्तार होत गेला, तसतशी कोकण आणि घाटावरून आलेल्या माणसांची एक मोठी राखीव फळी शहरात तयार झाली. नियमित कामगार गावी गेला, आजारी पडला किंवा गैरहजर राहिला, की त्याच्या जागी एका दिवसापुरता घेतला जाणारा तो बदली कामगार. असे कामगार पाळी सुरू होण्यापूर्वी गिरणीच्या दारात जमत आणि कोणाला आत घ्यायचे हे बहुधा जॉबर, म्हणजे कामगारांची भरती करणारा व त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम, ठरवीत असे. साहजिकच काम मिळण्यासाठी कौशल्याइतकीच जॉबरची मर्जी सांभाळावी लागे आणि प्रसंगी त्याला दस्तुरीही द्यावी लागे. ही मनमानी आवरण्यासाठी १९३० च्या दशकात मालकांच्या संघटनेने ठरावीक बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांनाच प्राधान्याने काम देण्याची व्यवस्था सुरू केली, तर १९५० च्या सुमारास सरकारी रोजगार कार्यालयामार्फत नोंदणी करून भरती करण्याची योजना आली. बदली कामगार यामुळे कायम झाला नाही, परंतु त्याचे नाव एका यादीत आले, ज्येष्ठतेला काही किंमत आली आणि कामाची नोंद राहू लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपानंतर गिरणीधंद्याची घसरण वेगाने झाली आणि कायम व बदली हा भेदच उरला नाही, कारण दोघांचेही काम गेले.

शिकवण्याच्या कामातील अर्धवेळ नेमणूकही या भागाला अपरिचित नाही. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुढे उच्च शिक्षण पूर्ण करून परतल्यावर त्यांनी वकिलीला जोड म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. ज्या १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी सार्वजनिक वित्ताचा हा अभ्यासक अर्धवेळ शिकवणीवर होता, ही बाब आजच्या पदवीधरांनाही विचारात पाडणारी आहे. फरक एवढाच की त्या काळी अशी नेमणूक मुख्य व्यवसायाला पूरक होती. आज अनेकांच्या बाबतीत तीच एकमेव उपजीविका असते.

तासिका तत्त्वाची रचना पाहिली, की गिरणीशी असलेले साम्य लक्षात येते. अनुदानित महाविद्यालयात, म्हणजे जेथील मंजूर शिक्षकांचे वेतन शासन देते तेथे, एखादे पद रिक्त असेल तर त्या पदाच्या अध्यापनाचा भार तासांत मोजला जातो, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाची मान्यता घेतली जाते आणि शैक्षणिक वर्षापुरत्या मुलाखती होऊन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचेच पैसे देण्याच्या अटीवर अध्यापक नेमला जातो. एका पदाचे तास अनेकदा दोघांत वाटले जातात. परिणामी दादरला सकाळी आणि गिरगावात दुपारी शिकवून दोन ठिकाणच्या तुकड्यांतून एक उत्पन्न जुळवणे भाग पडते. जेथे ४८ मिनिटांची तासिका घड्याळी तासात रूपांतरित केली जाते, तेथे पाच तासिका घेतल्यावर चार तासांचा मोबदला पदरी पडतो. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा आणि परीक्षेचा काळ बिनपगारी जातो. प्रश्नपत्रिका काढणे, विद्यार्थ्यांच्या शंका सोडवणे आणि व्याख्यानाची तयारी करणे ही कामे तासांच्या हिशेबात बसत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रतिव्याख्यान १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला होता, परंतु राज्याचे दर त्याहून कमी राहिले आणि मंजूर रक्कमही अनेकदा काही महिन्यांनी हाती येते.

या अध्यापकांची पात्रता कमी असते असे नाही. १९९१ च्या नियमांनी व्याख्यातापदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, किंवा राज्याची सेट ही अट घातली, त्यापाठोपाठ पीएच.डी.चे महत्त्व वाढत गेले आणि नेट-सेट उत्तीर्ण उमेदवारांची संख्या दरवर्षी वाढत राहिली. पदे मात्र त्या प्रमाणात भरली गेली नाहीत. राज्याच्या वित्त विभागाने मे २०१७ मध्ये नोकरभरतीवर निर्बंध आणले. नोव्हेंबर २०१८ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मुभा मिळाली, तरी त्यांपैकी २,०८८ पदांना पुन्हा परवानगी देण्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. रिक्त पदावर दरमहा पूर्ण वेतन देण्याऐवजी तासांचे मानधन देणे तिजोरीला स्वस्त पडते, हे या दिरंगाईमागचे साधे गणित आहे.

कराचा प्रश्न येथेच सुरू होतो. आयकर कायदा उत्पन्नाची वेगवेगळ्या शीर्षांत विभागणी करतो आणि त्यांपैकी ‘वेतन’ व ‘व्यवसाय वा पेशा’ या दोन शीर्षांमधील सीमारेषा तात्पुरत्या अध्यापकाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. वेतन मानले गेले, तर मालक संपूर्ण वर्षाच्या कराचा अंदाज बांधून कर लागू असेल तरच कपात करतो, नवीन करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि वर्षअखेर करकपातीचे प्रमाणपत्र हाती येते. तेच पैसे व्यावसायिक शुल्क मानले गेले, तर १९६१ च्या कायद्यातील कलम १९४जे नुसार, ठरावीक मर्यादेनंतर, एकूण रकमेतून सरसकट दहा टक्के कापले जातात. एकूण उत्पन्न करपात्र आहे की नाही हे तेथे पाहिले जात नाही. समजा, एखाद्या अध्यापकाला वर्षभरात १,८०,००० रुपये मिळाले, तर १८,००० रुपये आधीच सरकारजमा होतात आणि त्याच्यावर एक रुपयाही कर नसताना, केवळ ते परत मिळवण्यासाठी, विवरणपत्र भरून वाट पाहावी लागते. मुदत ठेवीच्या व्याजावरील कपात टाळण्यासाठी बँकेत दिला जाणारा स्वघोषणेचा अर्ज येथे उपयोगी पडत नाही. निम्म्या जमेलाच उत्पन्न मानून हिशेबवह्यांतून सुटका देणारी कलम ४४एडीएची सोय डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल इत्यादी विवक्षित पेशांसाठी आहे. त्या यादीत अध्यापनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. ही कलमे १९६१ च्या कायद्यातील असून १ एप्रिल २०२६ पासून लागू अशा २०२५ च्या आयकर कायद्याने त्यांचे क्रमांक बदलले असले, तरी वेतन आणि व्यवसाय हा मूळ भेद कायम आहे.

लोअर परळच्या गिरणीजागांवर उभ्या असलेल्या कार्यालयांतही हीच रीत आढळते. रोज ठरलेल्या वेळी येणाऱ्या, एकाच वरिष्ठाच्या हाताखाली काम करणाऱ्या व्यक्तीला कागदोपत्री कन्सल्टंट ठरवले, की भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा हिस्सा भरावा लागत नाही, उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, टाळता येते आणि कराची कटकट त्या व्यक्तीच्या गळ्यात पडते. व्यवसायकराचेही तसेच आहे. १९७५ च्या राज्य कायद्याने आलेला आणि रोजगार हमी योजनेच्या निधीशी जोडला गेलेला हा कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये असतो. नोकरदाराच्या पगारातून तो परस्पर कापला जातो, तर स्वतंत्र व्यावसायिकाला वेगळी नावनोंदणी करून तो स्वतः भरावा लागतो. ग्रामीण मजुराला मागेल तेव्हा काम देण्याची हमी ज्या राज्याने शहरातील पगारदारांच्या करातून उभी केली, त्याच राज्याच्या अनुदानित वर्गखोल्यांत पुढच्या वर्षीच्या कामाची हमी नसणे ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कायद्याचे संरक्षणही अपुरे पडते. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाहीत असा निर्णय दिला, त्यामुळे गिरणी कामगाराला खुला असलेला औद्योगिक न्यायालयाचा मार्ग शिक्षकाला मिळाला नाही. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक उपदानाच्या कक्षेत आले, पण सलग सेवेची पारंपरिक अट दरवर्षी खंडित होणारी नेमणूक पूर्ण करू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार तात्पुरती सेवा पुढे गणली जाण्यासाठी तिचा मोबदला नियमित शिक्षकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी असता कामा नये. तासिकेचे मानधन ही अट पुरी करत नसल्याने दहा वर्षे शिकवूनही नियमित नियुक्तीच्या दिवशी अध्यापक पहिल्याच पायरीवर उभा राहतो.

अशा परिस्थितीत सर्व पदे तातडीने भरणे हा सरळ उपाय खर्चिक असला, तरी त्याखालचे काही उपाय फारसे खर्चिक नाहीत. रक्कम दरमहा देणे, नियमित वेळापत्रकानुसार काम करणाऱ्यांना ती वेतन म्हणून देऊन अकारण करकपात थांबवणे, कामाची अधिकृत नोंद ठेवणे, शिकवलेल्या वर्षांना भरतीत गुण देणे आणि विभागवार ज्येष्ठता यादी जाहीर करणे, या गोष्टी प्रशासकीय आदेशांनी साधण्यासारख्या आहेत. गिरण्यांमध्ये बदली कामगारांची यादी तयार झाली तेव्हा मालकांचा नफा बुडाला नाही, परंतु कामगाराचे भवितव्य केवळ जॉबरच्या मर्जीवर राहिले नाही. गिरणगावातील शिक्षणसंस्था आणि कार्यालये निदान तेवढा टप्पा गाठत नाहीत, तोवर पदव्यांची संख्या वाढूनही रोजगाराची प्रत गिरणीच्या दारापाशीच थबकलेली राहील.