दूरंदेशी आणि अंदेशा

'अमुक गृहस्थ मोठे दूरंदेश' असें आपल्या बोलण्यांत वारंवार येतें. ह्या शब्दाचें मर्म शेतकऱ्यास विशेष उपयोगी असल्यामुळें त्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शब्द फारसी आहे. 'दूर' म्हणजे लांब व 'अंदेश' म्हणजे विचार करणारा. लांबवरचा विचार करणारा तो दूरंदेश आणि त्याचा गुण ती दूरंदेशी. संस्कृत वळणाच्या 'दूरदृष्टि' ह्या शब्दांतील 'दूर' तोच; कारण संस्कृत व फारसी ह्या भाषा एकाच कुळांतील आहेत. ह्याच कुटुंबांतला दुसरा शब्द 'अंदेशा'. त्याचा अर्थ मात्र शंका, धास्ती. बी उगवेल कीं नाहीं, ह्या विचारानें नुसता जीव खालींवर होणें हा अंदेशा. तीच काळजी वेळेवर कामास लागली म्हणजे दूरंदेशी. पुढचें भविष्य सांगतां येणें हा तिचा अर्थ नव्हे, आणि चिकूपणा हाही नव्हे.

हितोपदेशांत तीन माशांची गोष्ट आहे. कोळी उद्यां येणार हें कळतांच अनागतविधाता दुसऱ्या जलाशयांत गेला. प्रत्युत्पन्नमति जाळ्यांत सांपडला, पण मेल्याचें सोंग करून निसटला. यद्भविष्य 'व्हावयाचें तें होईल' म्हणत राहिला व प्राणास मुकला.

हे तिघेही आपल्या शिवारांत भेटतात. इ. स. २०२० च्या खरिपांत मराठवाड्यांत पुष्कळ ठिकाणीं सोयाबीन उगवलें नाहीं व दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडला. शिरूर अनंतपाळच्या बाजूस सोयाबीन हेंच खरिपाचें मोठें पीक. तेव्हां हा धडा आपणांस विसरून चालणार नाहीं. हें पीक स्वपरागित असल्यामुळें चांगल्या वाणाचें घरचें बी राखतां येतें. मात्र त्याचें साल नाजूक असतें, म्हणून पोतीं आपटूं नयेत. मृग निघण्यापूर्वीं पोत्यांतून सरमिसळ शंभर दाणे घेऊन ओल्या गोणपाटांत गुंडाळावे, गोणपाट सुकूं देऊं नये, व आठवड्यानें चांगले कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक निघाल्यास एकरीं ३० किलो बी पुरे. साठच निघाल्यास ३५ किलो घ्यावें. त्याहून कमी निघाल्यास बी बदलावें. त्या वेळीं बाजारांत निवडीस जागा असते. पेरणीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत ओल उतरल्यावरच करावी.

जो हें मे महिन्यांत करितो तो अनागतविधाता. जो उगवण फसल्यावर उसनवारी करून पुन्हां पेरितो तो प्रत्युत्पन्नमति. तो तरतो, पण हंगामाचे दिवस व पैसा गमावून. जो नशिबास बोल लावितो त्याचें नांव सांगावयास नकोच.

शंभर दाणे व एक ओलें गोणपाट, एवढ्यानें अंदेशा फिटतो. आमच्या वाचकांनीं ह्या शब्दाचा अर्थ कोशापेक्षां आपल्या कोठारांतच पाहावा, अशी आमची विनंति आहे.