डेटाबेस रात्री बंद पडला होता का? असं तपासा

समजा, पैठण रोडवर चितेगावच्या एखाद्या कारखान्यात सकाळी रात्रपाळीच्या शेवटच्या दोन-तीन नोंदी सापडत नाहीत. ऑपरेटर म्हणतो, "मी एंट्री केली होती." कॉम्प्युटर तर नीट चालू आहे. मग खोटं कोण बोलतंय? ठपका ठेवण्याआधी एक गोष्ट बघा: डेटाबेस सर्व्हर सलग किती वेळ सुरू आहे? यालाच 'अपटाइम' म्हणतात.

कॉम्प्युटर महिनाभर चालू असला, तरी त्यातला डेटाबेस रात्रीच बंद होऊन पुन्हा सुरू झालेला असू शकतो. अशा वेळी अर्धवट राहिलेली नोंद डेटाबेस रद्द करतो. म्हणजे ऑपरेटरने एंट्री टाकलेली असते, पण ती पक्की झालेली नसते.

हे कसं कळतं?

मायएसक्यूएलमध्ये 'अपटाइम' हा आकडा सेकंदांत मिळतो. 86,400 सेकंद म्हणजे एक दिवस. आकडा त्याहून कमी असेल, तर गेल्या 24 तासांत सर्व्हर पुन्हा सुरू झाला, हे नक्की.

पोस्टग्रेसक्यूएल या मोफत डेटाबेसमध्ये अशी सोय 2005 मध्ये, 8.1 आवृत्तीत आली. त्यातलं 'पीजी_पोस्टमास्टर_स्टार्ट_टाइम' हे फंक्शन सर्व्हर कधी सुरू झाला ती तारीख-वेळ सांगतं. आत्ताच्या वेळेतून ती वजा केली की अपटाइम निघतो. शिवाय ती वेळ वीज गेल्याच्या वेळेशी थेट ताडून बघता येते.

पण थांबा!

पोस्टमास्टर ही इथली मुख्य प्रक्रिया. पोस्ट ऑफिसातल्या साहेबांसारखी ती आलेलं प्रत्येक कनेक्शन हाताखालच्या प्रक्रियेला सोपवते. हाताखालची एखादी प्रक्रिया अचानक कोसळली, तर पोस्टमास्टर सगळी कनेक्शन तोडून काम नव्याने सुरू करतो. स्वतः मात्र तो चालूच असतो, त्यामुळे त्याची सुरू झाल्याची वेळ बदलत नाही. म्हणून अपटाइमसोबत सर्व्हरचा लॉगही वाचायलाच हवा.

अपटाइम जितका जास्त तितका सर्व्हर चांगला, असंही नाही. पोस्टग्रेसक्यूएलच्या दुरुस्त्या साधारण दर तीन महिन्यांनी येतात आणि त्या लागू करायला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. दोन वर्षं न थांबलेला सर्व्हर म्हणजे दोन वर्षं दुरुस्तीच न झालेला सर्व्हर!