सेल्फ लागत नाही? आधी मीटर लावा

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी संपली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या की कोकण किनाऱ्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते: मशीनचा सेल्फ लागत नाही. मग कोणी नवी बॅटरी आणायला सांगतो, कोणी थेट स्टार्टर खोलायला बसतो. खरे तर आउटबोर्ड मशीनच्या सेल्फची साखळी छोटी आहे: बॅटरी, जाड केबल, सोलेनॉइड, स्टार्टर मोटर आणि बॅटरीकडे परतणारी अर्थिंग. किल्ली फक्त सोलेनॉइडला हुकूम देते. या साखळीतली बिघडलेली कडी साधा मल्टिमीटर दाखवून देतो. अट एकच, मोजायचे ते सेल्फ मारत असताना.

गैरसमज १: मीटरवर १२.६ व्होल्ट आले, म्हणजे बॅटरी ठणठणीत.

वस्तुस्थिती: हा आकडा बॅटरी निवांत असतानाचा. लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मा. पण प्लेटांवर सल्फेट धरलेली जुनी बॅटरीही चार्जरवरून काढल्यावर छान आकडा दाखवते आणि भार पडताच मान टाकते. म्हणून एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने बॅटरीवर मीटर धरावा. आकडा १०च्या आसपास टिकला तर ठीक. चार्ज केलेली बॅटरी ७-८ वर कोसळली, तर एक तर ती संपली आहे किंवा मशीन वा स्टार्टर जाम आहे.

गैरसमज २: बॅटरी नवी, तरी मशीन जड फिरते, म्हणजे स्टार्टर गेला.

वस्तुस्थिती: खाऱ्या हवेत स्टार्टरआधी जोड खराब होतात. स्टार्टर १०० अँपियर ओढत असेल आणि एखाद्या जोडात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असेल, तर तिथेच २ व्होल्ट गळतात आणि २०० वॉटची उष्णता होते. तिथला लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा जोड, हाताला गरम लागतो. इतका बारीक अडथळा साध्या मीटरच्या ओहम रेंजवर पकडता येत नाही. व्होल्टच्या रेंजवर मात्र तो लगेच उघडा पडतो.

मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर ठेवा, टर्मिनलवर नव्हे. दुसरी पिन स्टार्टरच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर वाटेत गळती आहे. आता दुसरी पिन एकेक जोड मागे आणत जा. आकडा जिथे एकदम घटतो, त्याच्या लगेच पुढच्या टप्प्यात दोष. निगेटिव्ह खुंटी आणि मशीनची बॉडी यांच्यातही अशीच तपासणी करा. अर्थिंगकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

वरून चकचकीत दिसणारा लग खोलला की आत राखाडी थर निघतो. लगजवळचे आवरण थोडे कापले तर तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या दिसतात. अशी केबल चमकदार तांबे लागेपर्यंत मागे कापावी किंवा कथिलाचा मुलामा असलेली नवी टाकावी. टर्मिनलवरचा हाताने आवळायचा विंग नट धक्क्यांनी सैल होतो. त्याजागी पान्याने आवळायचा षटकोनी नट लावावा. ग्रीस जोड घट्ट झाल्यावर, वरून.

गैरसमज ३: ‘टक्’ वाजले म्हणजे सोलेनॉइड खराब.

वस्तुस्थिती: एकच स्पष्ट ‘टक्’ म्हणजे सोलेनॉइडने हुकूम ऐकला. दोष त्याच्या आतल्या संपर्कात, केबलमध्ये किंवा स्टार्टरमध्ये असू शकतो. सेल्फ मारताना सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये जवळपास शून्य व्होल्ट दिसायला हवे. तिथे मोठा आकडा आला तरच तो बदला. भराभर ‘टकटकटक’ होत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. काहीच वाजत नसेल, तर फ्यूज, किल्लीचा स्विच आणि न्यूट्रल स्विच पाहा. बऱ्याचदा लिव्हर न्यूट्रलपासून केसभर सरकलेला असतो.

गैरसमज ४: स्क्रूड्रायव्हर टेकवून डायरेक्ट सेल्फ मारणे हा रामबाण उपाय.

वस्तुस्थिती: यात न्यूट्रल स्विचचे संरक्षणच निघून जाते. मशीन गिअरमध्ये असेल तर होडी झेप घेते आणि पंखा फिरू लागतो. शिवाय ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकाच जागी येतात.

गैरसमज ५: मशीन फिरते, पण सुरू होत नाही, दोष सेल्फचाच.

वस्तुस्थिती: मशीन जोमाने फिरत असेल, तर सेल्फने आपले काम केले. आधी किल स्विचची दोरीची क्लिप पाहा. ती निघाली असेल तर अनेक मशीन नुसतीच फिरत राहतात. मग पेट्रोल, मग प्लगची ठिणगी. किल्ली दाबून धरू नका: काही सेकंद सेल्फ, मग विश्रांती, नाहीतर धड स्टार्टरही जळेल.

गैरसमज ६: मशीन सुरू झाले की बॅटरी काढून दुसऱ्या होडीला देता येते.

वस्तुस्थिती: चालत्या मशीनची बॅटरी काढली की व्होल्टेज उसळते आणि रेक्टिफायर-रेग्युलेटर जळू शकतो. केबल उलट्या जोडल्या तरी तोच जातो. रेस दिल्यावर बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक.

हे सारे आकडे एकदा मशीन धड असतानाच घ्या आणि झाकणाच्या आत लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी मेकॅनिकला अंदाजावर सुटे भाग बदलावे लागणार नाहीत. कोणता आकडा हलला, तेवढेच पाहायचे.