तबकडी आणि तिची सरहद्द

आमच्या इंग्रजी विभागात खिडकीलगत एक लोखंडी कपाट आहे. त्यात पुस्तकांच्या मागे चित्रपटांच्या डीव्हीडी रचून ठेवलेल्या आहेत. गेल्या वर्षी 'मॅक्बेथ' शिकवून होत आला तेव्हा सरांनी त्यातली एक काढून माझ्या हाती दिली. अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाने १९५७ साली 'मॅक्बेथ'वरून काढलेला 'थ्रोन ऑफ ब्लड' हा तो चित्रपट. विभागाच्या एका माजी विद्यार्थ्याने ती तबकडी अमेरिकेहून आणून दिलेली. खिडक्या लावल्या, वर्गात अंधार केला, तबकडी यंत्रात घातली, आणि पडद्यावर काय उमटले, तर 'प्रदेश चुकीचा आहे' अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य! मागच्या बाकांवर हशा पिकला. तबकडीवर साधा ओरखडाही नव्हता, यंत्र ठणठणीत होते. मग बिनसले कुठे? कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत पडू नये असे मित्र म्हणाले. पण मी पडलो, आणि जे कळले ते येथे मांडत आहे.

प्रथम तबकडी वाचली कशी जाते ते पाहू. जुन्या ग्रामोफोनची सुई बाहेरून आत येत असे. येथे लेसरचा किरण आतून बाहेर सरकतो. प्लास्टिकच्या चकतीत अतिसूक्ष्म खळग्यांची एकच नागमोडी वाट गोल गोल फिरत गेलेली असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. सीडीवरची ही वाट उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. खळगा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. खळगा जेथे सुरू होतो किंवा संपतो ती कड म्हणजे एक, आणि दोन कडांमधले अंतर म्हणजे शून्ये.

सीडी १९८२ साली आली, डीव्हीडी १९९६ साली, ब्लू-रे २००६ साली. तिघींचाही व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. वहीचे पान तेच राहिले, टाक तेवढा बारीक होत गेला. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, जांभळा. किरण जितका बारीक तितके खळगे लहान आणि वाटेचे वेढे जवळजवळ. म्हणून सीडीत साधारण ६५० मेगाबाइट मावतात, तर एकपदरी डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेत २५. सीडीच्या जुन्या यंत्रात डीव्हीडी चालत नाही, त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. त्या यंत्राची नजरच तेवढी पोचत नाही.

आमच्या तबकडीची गोष्ट निराळी होती. यंत्राला ती नीट दिसत होती. वाचण्याची परवानगी नव्हती! डीव्हीडीच्या प्रारंभीच चित्रपट कंपन्यांनी जगाचे प्रदेश पाडून घेतले. अमेरिका आणि कॅनडा पहिल्या प्रदेशात, युरोप, जपान आणि दक्षिण आफ्रिका दुसऱ्यात, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका चौथ्यात, चीन सहाव्यात. भारत पाचव्यात, रशिया आणि बहुतेक आफ्रिकेच्या पंगतीला. विमाने आणि जहाजे यांना आठवा क्रमांक. तबकडीवर प्रदेशाची नोंद असते, यंत्रातही असते. दोन्ही जुळल्या नाहीत की यंत्र मान हलवते. म्हणजे पाहा, जपानी माणसाने काढलेला चित्रपट अमेरिकेत विकत घेतला, तर तो पुण्यात चालत नाही तो नाहीच, तोक्योतल्या साध्या यंत्रातही चालायचा नाही.

हे कशासाठी? त्या काळी एखादा चित्रपट अमेरिकेत लागून त्याची तबकडी बाजारात आली, तरी इतर देशांच्या चित्रपटगृहांत तो पोचलेला नसे. शिवाय किमतींचा प्रश्न. भारतात २००७ साली मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या होत्या. असा स्वस्त माल महाग बाजारात जाऊ नये ही कोणत्याही व्यापाऱ्याची इच्छा. व्यापाऱ्याची बाजू मला समजते. पण रीतसर पैसे मोजून घेतलेली वस्तू घरी आणल्यावर कोणाचे ऐकणार, माझे की विकणाऱ्याचे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. यंत्र बनवणारे मुकाट्याने हे पाळत, त्यालाही कारण होते. चित्रपट गुप्त लिपीत असे, तिची किल्ली परवान्याने मिळे आणि परवान्यात प्रदेश पाळण्याची अट असे. ही लिपी १९९९ साली फुटली. त्या प्रकरणी नॉर्वेच्या योन योहानसेन या तरुणावर खटला झाला आणि २००३ साली तो निर्दोष सुटला.

आपले हिंदी चित्रपट या बाबतीत शहाणे. त्यांचा प्रेक्षक दुबईपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेला, म्हणून त्यांच्या बहुतेक डीव्हीडी सर्व प्रदेशांत चालतील अशाच निघाल्या. घरोघरी पोचलेल्या व्हीसीडीला तर हे बंधन कधीच नव्हते.

आता माझा पराक्रम सांगतो. संगणकातल्या डीव्हीडी-यंत्राचा प्रदेश बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्या बदलानंतर तो कायमचा. विभागाच्या संगणकावर माझ्या आधी कोणी कोणी चार बदल करून ठेवले होते. 'एकच बदल शिल्लक' अशी सूचना आली; मी घाईत ती वाचली न वाचली आणि पुढे गेलो. चित्रपट दिसला. बाणांचा तो शेवटचा वर्षाव वर्गाने श्वास रोखून पाहिला. दुसऱ्या आठवड्यात सरांनी भारतातच विकत घेतलेली एका इंग्रजी चित्रपटाची तबकडी आणली, आणि संगणकाने तिला परकी ठरवली. सर रागावले नाहीत, "बरं" एवढेच म्हणाले. ते जास्त लागले.

ब्लू-रेने प्रदेश तीनच ठेवले, त्यात आपण 'सी'मध्ये. २०१६ साली निघालेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेत प्रदेशांची अटच नाही. पण तोवर तबकड्या घेणारेच कमी झाले होते. आमच्या संगणकावर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'येथे फक्त अमेरिकेच्या डीव्हीडी चालतील.' नवे विद्यार्थी तिचा अर्थ विचारतात, आणि मला दर वेळी हे सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.